कोपऱ्यातला झेल

शनिवार, १९ ऑक्टोबर

नव्हताच तो झेल! कालच्या शाळांच्या अमेरिकन फुटबॉल सामन्याची बारा सेकंदं उरलेली. त्या खेळाडूनं मैदानाच्या पार कोपऱ्यात उडी मारली, चेंडू धरला, एक पाय रेषेच्या आत टेकवला — इथवर ठीक. पण आपटला तेव्हा चेंडू सुटला आणि गवताला लागला. पडून स्थिर होईपर्यंत चेंडू हातात राहिला तर झेल, नाहीतर नाही. साधी गोष्ट! आणि लाइलनं दोन्ही हात वर केले. टचडाउन, म्हणजे थेट सहा गुण! जिंकत आलेला संघ हरला.

बाजूच्या रेषेवर पंच लाइल नोवोत्नी, मागच्या रेषेवर मी. हात वर केले ते त्यानं. शिव्याही त्यालाच पडल्या. लिहूनच टाकतो — मला गार वाटलं.

रविवार, २० ऑक्टोबर

चर्चनंतर कॉफीपाशी जुंपली. एर्माबाई म्हणाल्या, "धरला, पाय टेकवला, अजून काय हवं? घरी नेऊन बायकोला दाखवायचा होता का?"

म्हातारा ओटो भडकला. "एर्मा, तू अंडं उचललंस आणि ते खाली पडून फुटलं, तर ते तुझ्या हातात आहे म्हणशील?"

"अंड्याला पाय टेकवायचे नसतात, ओटो!"

सगळे हसले. मग माझ्याकडे वळले — तू तर तिथेच होतास! म्हटलं, पंचांनी बाहेर बोलायचं नसतं.

सोमवार, २१ ऑक्टोबर

मर्लच्या गॅरेजात फिल्म पाहिली. मर्ल आमचा मुख्य पंच, पांढरी टोपी त्याची. दर सोमवारसारखी चिली, म्हणजे राजमा-खिम्याचा रस्सा, आणि सोबत दालचिनीचा गोड सिनॅमन रोल. अकरा वेळा फिल्म फिरवली. दर वेळी लाइलच्याच पाठीआड चेंडू!

मर्लनं विचारलं, "हात वर करायच्या आधी एकमेकांकडे बघितलंत ना?" आमची ही जुनी रीत. कोपऱ्यातला झेल असला की दोघा पंचांनी नजर भिडवायची, दुसऱ्यानं मान हलवली की मगच हात वर.

लाइल म्हणाला, "नाही. मीच घाई केली."

स्वतःच्या तोंडानं कबूल! मी कोण मध्ये बोलणारा? मी रोल चिलीत बुडवून खाल्ला.

मंगळवार, २२ ऑक्टोबर

व्होंडा म्हणते, "तुझा जीव जळतोय त्या पोरावर."

जळतोय! बायको झाली म्हणून काय झालं, तिला काय ठाऊक? बावीस वर्षं थंडीवाऱ्यात पळतोय मी. गुडघे गेले. लिंकन शहरात राज्याचा अंतिम सामना होतो, त्याच्या पंचांत एकदाही माझं नाव नाही. आणि हा, पंच होऊन सहाच वर्षं झालेला, ऑगस्टमध्येच निवडला गेला! शिट्टी कशी धरायची ते मी शिकवलं याला. माझ्याच अंगणात! आता लोक मला विचारतात, "तू लाइलबरोबर असतोस ना?" मी लाइलबरोबर!

बुधवार, ३० ऑक्टोबर

लिंकनच्या यादीतून लाइलचं नाव वगळलं. पंच नेमणाऱ्या मंडळानं मर्लला कळवलं. मर्लनं फोन ठेवून मला सांगितलं. मी म्हटलं, "वाईट झालं." अगदी वाईट तोंड करून म्हटलं.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

पत्र आलं. त्याच्या जागी मी! लिंकन! व्होंडानं टोपीला इस्त्री केली. पट्ट्यांचा शर्ट तीनदा घालून पाहिला.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

लाइल दारात. वाटलं, भांडायला आलाय. हातात लोकरीचे हातमोजे. "लिंकनला वारा फार बोचतो, गॉर्डन. हे शर्टाच्या आत ठेवा, मध्यंतरात घाला." त्यानं स्वतःसाठी घेतलेले, किमतीची चिठ्ठीसुद्धा काढली नव्हती.

निघता निघता म्हणाला, "मर्लला सांगितलं तेच मंडळालाही सांगितलं. तुम्ही निर्धास्त जा. चूक कुणाचीही होते."

मी आत ये म्हटलं नाही. मोजे मापाचे आहेत.

रविवार, १० नोव्हेंबर

हात वर करायच्या आधी लाइलनं माझ्याकडे पाहिलं होतं. चेंडू गवताला लागलेला मला स्वच्छ दिसला होता. मी होय म्हणून मान हलवली.