कण्याच्या घडीतल्या सह्या

३ मार्च
पोहोचले! मामाने चिठ्ठी दिली नसती तर मला इथे कुणी दारातही उभं केलं नसतं. तो स्वतः कधी आलेला नाही, मालकीणबाईंशी नुसती पत्रओळख. बाई एका बंद पडलेल्या प्रकाशनाच्या वारस. बोलणं मोजूनमापून, पण खोली झकास: लांब टेबल, भरपूर उजेड आणि भिंतभर विज्ञानकथांची जुनी पॉकेटबुकं. मुखपृष्ठांवर यानं, हिरवे प्राणी, हेल्मेट घातलेले अंतराळवीर. चित्रकाराचं नाव एकावरही छापलेलं नाही. ती नावं शोधायची, एवढंच काम. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन.

५ मार्च
आई गेल्यावर मामानेच मला वाढवलं, हातात ब्रशही त्यानेच दिला. तो सांगायचा, प्रकाशक नाव गाळतात म्हणून चित्रकार पुस्तकाच्या कण्याच्या, मुखपृष्ठ पाठीवर दुमडतं त्या, घडीत सही लपवतात. आज किटलीच्या वाफेवर मुखपृष्ठं सोडवली. तीन सह्या मिळाल्या! बाईंनी नुसती मान हलवली.

८ मार्च
एकोणीस झाल्या. प्रत्येक सहीखाली एक ओळ आहे, 'माझ्या जागी अमुक'. आणि पुढच्या पुस्तकांवर त्याच अमुकची सही. रांगच लागली आहे म्हणा ना. बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, आधी काम संपव.

११ मार्च
मामाची सही सापडली.
इथे कधी आलो नाही म्हणाला होता. पुस्तक माझ्या जन्माच्या आदल्या वर्षीचं. खाली त्याच्याच वळणदार अक्षरात, 'माझ्या जागी बहिणीला होईल ती मुलगी'. भिंग लावून पाहिलं. मुखपृष्ठावरच्या हेल्मेटमध्ये मी आहे. भुवईतली खोकसुद्धा — ती तर मी सातव्या वर्षी पडले तेव्हाची.

१२ मार्च
निघते म्हटलं, तर बाई म्हणाल्या, दार उघडंच आहे. बाहेर पडले, चार पावलं गेले — पुन्हा टेबलाशीच. हातात ब्रश.
मामाला फोन केला. पोटच्या पोरीसारखं वाढवलंस ना, मग हे काय, असं विचारलं. तो म्हणाला,
"अगं, तुला चित्रं काढायला शिकवलं कशासाठी मग?"
केसाने गळा कापला त्याने. हे रडू भीतीचं नाही.

१३ मार्च
हात थांबत नाही. चार मुखपृष्ठं झाली — बाई म्हणतात, तूही एक नाव दे आणि सूट. नाही दिलंस तर तुझंही उरणार नाही. मामाच्या धाकट्या लेकीचं नाव अगदी ओठांवर आलं होतं. तिला मी कडेवर खेळवलंय.
नाही दिलं.

१४
घडीत सही करायला घेतली — अक्षरं उमटत नाहीत. आठवतही नाहीत —
ही चित्रं माझी आहेत. माझं नाव मामाने ठेवलं होतं. आता त्या एकट्यालाच ते ठाऊक, आणि तो कुणाला सां—