पान एकोणीस

५ फेब्रु. १९८३, शनि.
डिप्लोमाचा प्रकल्प आज विद्यापीठात कर्णिकबाईंच्या हातात दिला. चाळीस पानं. आत्याच्या आठवणी, आमच्या पापडी गावच्या बोलीतून इंग्रजीत. बाईंनी उभ्या उभ्या चाळल्या. "लुसी, हे विभागाच्या वार्षिक अंकात घेऊ." सगळा अनुवादवर्ग बघत होता. मी हवेत.
शेवटच्या पानावर आत्याची सही: 'मला वाचून दाखवले, मान्य आहे.' विभागाचा नियम. जे लिहिलं ते सांगणाऱ्याला त्याच्या बोलीत परत ऐकवायचं, मग सही घ्यायची. मी ऐकवलं नाही, वेळ नव्हता. कॉलेजचं काम म्हणून आत्याने डोळे झाकून सही केली.
खरं म्हणजे वेळ होता.

८ मंगळ.
शाळेत शिकवून घरी आले तर सुधाकर फाटकात उभा. अनुवादवर्गातला माझा जोडीदार, शेजारच्या उमेळ्याचा. माझी टेप ऐकून पानं तपासायची आणि तपासनीस म्हणून सही करायची, हे त्याचं काम.
"पान एकोनीस," म्हणाला.
टेपवर आत्या सांगते, भावाने कोऱ्या कागदावर सही घेतली, वाडीतला तिचा हिस्सा गेला, तिला दोन वर्षांनी कळलं. मी इंग्रजीत लिहिलंय, तिने आपला हिस्सा भावाला राजीखुशीने दिला.
"हा अनुवाद नाय गो, हे तर खरेदीखत झालं!" हसला. मग हसू गेलं. "मी सही कशी करू?"
"तुझं काय जातंय?"
चहा न घेताच गेला.
भाऊ म्हणजे पपा.

१० गुरु.
पपांचं एका बिल्डरशी बोलणं चाललंय. उमेळ्याच्या वाड्या गेल्या, आता आमच्याकडे नजर. अशात हे छापून आलं तर? पापडीत इंग्रजी अंक कोण वाचणार, असं मी स्वतःला समजावत होते, आणि तरीही वाक्य बदललं. म्हणजे भीती लोकांची नव्हती. पपांचीच.
दुपारी मनात आलं, टेप सु.कडून परत मागावी आणि तेवढ्या जागेवर दुसरं काहीतरी भरावं. आत्याला इंदियाल कालवणाचा मसाला विचारला तर ती अर्धा तास बोलेल. हे सुचल्याबद्दल स्वतःची किळस आली.
मागितली नाही. अजून तरी.

१२ शनि.
बाईंनी वर्गातच सु.ला विचारलं, "लुसीचं झालं?"
"एक जागा राहिलीय, मॅडम."
"२१ ला तोंडी आहे. बाहेरचे परीक्षक मधलंच कुठलंही पान काढतात आणि टेप लावतात. त्याआधी आवरा."
नापास झाले तर वर्ष गेलं. शिवाय विभागात साहाय्यक म्हणून मला घ्यायचं बाईंच्या मनात आहे. तेही गेलं.
जिन्यात सु. म्हणाला, "मी मॅडमना सांगनार नाय. पन सही पन करनार नाय." राग आला. त्याचा येत होता की माझा, कळेना.

१६, राखेचा बुधवार
देवळात फादरांसमोर रांगेत पुढे पपा, मागे आत्या, मधे मी. तिघांच्या कपाळावर राख. घरी आल्यावर नेहमीसारखी सामसूम. आत्या मागच्या खोलीत, पपा पुढे. लहानपणापासून मला वाटायचं, आत्याचा स्वभावच अबोल. टेपसमोर ती तीन तास बोलली.

१९ शनि.
बाईंना सगळं सांगितलं. ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त सहीचं पान काढून माझ्यासमोर ठेवलं. "हे बाद. पान एकोणीस नीट कर, सगळं वाचून दाखव, नवीन सही आण. नाहीतर सोमवारी येऊ नकोस." बाहेर येऊन बाकावर बसले.
एकोणीस परत टाइप केलं. आता जे ती बोलली तेच आहे.

२० रवि.
देवळातल्या मिस्साहून आल्यावर मागच्या दारी आत्यासमोर बसले. ती वाल सोलत होती. पहिल्या पानापासून आमच्या बोलीत सांगत गेले. मधेच दुरुस्ती: "कारली नाय, पडवळ लावलेली तवा." मजेत होती.
एकोणिसाव्याला आधी माझं जुनं वाक्य ऐकवलं. लपवायचं नाही ठरवलं होतं.
हात थांबले. "मी असा बोलली?"
"नाही. मी लिहिलं."
"आणि सही माझी?"
"हो."
हातातला वाल खाली ठेवला. मग म्हणाली, "बापावर गेलीस."
रडू आलं. तिने गप्प केलं नाही. "आता नवीन वाच," म्हणाली. वाचलं. मग उरलेली एकवीस पानंही वाचायला लावली. संपल्यावर मी सहीचं पान आणि पेन पुढे केलं. पेन घेतलं, सही केली नाही.
"एकोनीसच्या पानावर तो पण हाय ना? मग त्याला पण वाचून दाखव. माझ्यासमोर. मग करते."
"आत्या, उद्या सकाळी परीक्षा आहे."
"मग आज वाच."
पुढच्या ओट्यावर जाऊन बसलीय. तिथे ती कधी बसत नाही. पपा आंघोळीला गेलेत, ते येईपर्यंत हे पेन्सिलीने खरडतेय. पेन तिच्याकडेच आहे. पान एकोणीस मांडीवर. पपांसमोर पहिलं वाक्य तोंडातून फुटेल का, माहीत नाही.
न्हाणीतला आवाज थांबला.