हद्दीची पाटी

हस्किन्स फोर्ड, मिसुरी
१९ मे

प्रिय लायल,

मजेत असशील, असं धरून चालते. पाच वर्षांत तुझी दोन नाताळची कार्डं आली, तीही नुसती सही ठोकून, त्यामुळे धरूनच चालावं लागतं.

इकडे सगळं बरं आहे. माझा गुडघा कुरकुरतो. डेल्बर्टकाकांनी ऐंशीव्या वर्षी नवी होडी घेतली आणि पहिल्याच दिवशी खडकावर घालून तळाला भोक पाडलं. येत्या शनिवारी बास माशांचा हंगाम उघडतोय. बारा इंचांखालचा परत पाण्यात, दिवसाला सहा, हे तुला काय सांगायचं! पाणी नितळ आहे. पुलाखालचे बास असे माजलेत, की बघून बाबांनी शिट्टी वाजवली असती.

बाबांचं नाव निघालंच आहे, तर लिहूनच टाकते. तीन कागद फाडून झालेत.

पाच वर्षांपूर्वीचा तो एप्रिल. चार दिवस बाबांच्या पोटात पाण्याशिवाय काही जात नव्हतं, आणि त्या सकाळी एकदम म्हणाले, "मक्याच्या पिठात तळलेला ट्राउट खाईन." तू तसाच उठलास आणि गळ घेऊन निघालास. मी वॉर्डनची वर्दी चढवून नदीवर पहाऱ्याला गेले. दहाच्या सुमाराला तू मला दिसलास तो हद्दीच्या पाटीच्या वरच्या अंगाला, टोपलीत सोळा इंची ट्राउट घेऊन. पाटीच्या वर धरलेला ट्राउट सोडून द्यायचा, घरी न्यायचा नाही. खाली असतास तर प्रश्नच नव्हता.

"ताई, हद्द झऱ्याच्या जुन्या तोंडाशी आहे," तू म्हणालास. "मी खालीच आहे. बाबांनीच दाखवलीय आपल्याला."

"पाटी वाचता येते ना?"

"पाटी गेली खड्ड्यात! अगं ताई, बाबांसाठी आहे."

"ड्युटीवर ताई म्हणायचं नाही."

असं म्हणाले मी. टोपली घेतली, परवाना घेतला, तुला कोर्टात नेऊन बसवलं. काठावर परगावचे तिघे बघत होते. वॉर्डनच्या भावाला सूट, असं कुणी म्हणायला नको, एवढंच डोक्यात होतं. मेली अक्कल माझी!

बाबा दुसऱ्या दिवशी गेले. दफनाच्या वेळी तू माझ्या बाजूला उभा राहिला नाहीस. मग तुझा परवाना तीन वर्षांसाठी रद्द झाला आणि तू ओहायोला निघून गेलास.

आता खरं लिहिते. ती पाटी मीच ठोकली होती. आदल्या वर्षीच्या पुरात जुनी पाटी झाडासकट वाहून गेली, आणि झऱ्यानेही दोनशे पावलं खाली नवं तोंड फोडलं. मी नव्या तोंडाशी पाटी ठोकून मोकळी झाले. नकाशा उघडून बघायचे कष्ट घेतले नाहीत. नकाशात हद्द जुन्याच तोंडाशी आहे. बाबांना जाऊन आठ दिवस झाले तेव्हा मी नकाशा घेऊन गेले आणि पावलं मोजली. तू बरोबर होतास. मासा कायद्यानेही तुझाच होता.

आठव्या दिवशी मला कळलं होतं, लायल. तेव्हाच तोंड उघडलं असतं, तर परवाना तुला लगेच मिळाला असता. मी गप्प बसले. चूक कबूल केली असती, तर बाबांच्या ताटातला मासा मी काढून घेतला हेही कबूल करावं लागलं असतं. तेवढं धैर्य माझ्यात नव्हतं.

अजून एक राहिलं. त्या दुपारी मी घरी डोकावले, तेव्हा बाबा शुद्धीवर होते. "लायल मासा आणणार होता ना?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "आज काही लागला नाही त्याला."

ते थोडे हसले. "लायलला लागला नाही? आपल्या नदीवर?" मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. तुझा मासा तेव्हा आमच्या ऑफिसात बर्फात होता, शेपटीला पुराव्याची चिठ्ठी बांधून. तू कोर्टातून सुटून आलास तेव्हा त्यांची शुद्ध गेली होती. तुला मासा लागला होता, हे त्यांना कधी कळलंच नाही.

सोमवारी मी ऑफिसात सगळं लिहून दिलं. तुझ्या नावावरचा डाग पुसतील, म्हणाले. वीस वर्षं छातीवर लावलेला बिल्ला त्यांच्या टेबलावर ठेवला. मग पाटी उपटली आणि नकाशा हातात धरून जुन्या तोंडाशी ठोकली. ठोकताना रडले, खोटं कशाला सांगू?

माफ कर असं लिहायला हात धजत नाही. शनिवारी सकाळी मी तिथेच असेन, तू उभा होतास त्या जागी, बाबांची कढई आणि मक्याचं पीठ घेऊन. ये असं म्हणायचा मला हक्क नाही. नाही आलास तरी दुपारपर्यंत थांबेन.

आता ड्युटी नाही रे.

तुझी ताई,
व्हर्ना