बाजारामागच्या दोन खोल्या आणि इतर मालमत्तेबाबत

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, व्यवसाय रिकामी घरे साफ करून देणे (आता निवृत्त), हे मृत्युपत्र स्वतःच्या अकलेने, स्वतःच्या स्वयंपाकघरात बसून लिहीत आहे. माझी शुद्ध शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण त्यांची इथे गरज नाही. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते मी रागात केले होते.

कलम १. राहते घर मुलाला. तो ते विकणार हे मला माहीत आहे आणि माझी तक्रार नाही. विकण्याआधी साफसफाई मात्र दुसऱ्या कुणाकडून करून घ्यावी. त्याने स्वतः हात लावला तर किंमत उतरेल.

कलम २. शिडी, दोन्ही व्हॅक्युम मशीन आणि ब्रशांची पेटी माझ्याबरोबर बावीस वर्षे काम केलेल्या साथीदारणीला. बँकेतल्या ठेवी ती आणि मुलगा यांना निम्म्या निम्म्या. मुलाने तोंड वाकडे करू नये. त्याच्या कॉलेजच्या वर्षांत मी आजारी होते, तेव्हा माझ्या वाटणीची घरे तिने पुसली.

कलम ३. नदीकडचे घरही मुलाला. त्याची हकिकत इथे नोंदवून ठेवते. भाड्याने देण्यासाठी मी घेतलेले ते दुसरे घर. माझे दीर तेव्हा घरांची दलाली करायचे. ते घर विक्रीला काढण्याआधी साफ करायचे काम त्यांनी मला दिले. आतल्या खोलीच्या भिंतीवर मोठा काळा डाग होता. तो मी तीन दिवस घासून काढला आणि वरून रंगाचा हात दिला. आठवड्याने भाऊजी म्हणाले, "वहिनी, तुम्हीच का घेत नाही? किती लख्ख आहे बघा." मी जाऊन पाहिले. खरेच लख्ख होते. मी माझ्याच कामावर भाळले आणि सांगतील ती किंमत दिली. दोन महिन्यांत डाग आपल्या जागेवर हजर. भाऊजींना जाब विचारला तर म्हणाले, "मला काय विचारता? डाग तुम्ही पाहिला होता, मी नाही." भिंतीची ओल काढण्यात काही वर्षांचे भाडे गेले. भाऊजींना या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही.

कलम ४. बाजारामागच्या दोन खोल्या. ही माझी पहिली खरेदी. घेण्याआधी मी त्या चार वेळा साफ केल्या होत्या, चार वेगवेगळ्या भाडेकरूंनंतर. लोक तिथून का जातात (मोरी तुंबते) आणि आठवड्याच्या आत नवे का येतात (शाळा आणि दवाखाना पायी जाण्याजोगे), हे मालकापेक्षा मला जास्त ठाऊक होते. मोरी नीट करून घेतली. त्यानंतरचे कुटुंब तेरा वर्षे राहिले.

या खोल्या माझ्या बहिणीच्या मुलीला. तिलाही घरांत पैसे गुंतवायचे आहेत. उन्हाळ्यात ती एक गुळगुळीत माहितीपुस्तक घेऊन आली. अजून न बांधलेल्या इमारतीतला फ्लॅट तिला घ्यायचा होता, आणि त्यासाठी मी या खोल्या तारण ठेवाव्यात असे तिचे म्हणणे.

"जागा पाहिलीस?" मी विचारले.

"मॉडेल पाहिलं ना. काचेच्या पेटीत. झाडंसुद्धा लावलीत."

"त्यांना पाणी कोण घालतं?"

"मावशी, चेष्टा नको. कुठून तरी सुरुवात करायलाच हवी की नाही?"

मी तारणाला नकार दिला. "तुला घरं पुसण्यापलीकडे काही कळत नाही," असे म्हणून ती गेली. त्याला पाच महिने झाले. फोन तिने केला नाही, मीही नाही. मागचे मृत्युपत्र त्याच संध्याकाळचे. त्यात तिचे नाव नव्हते.

तिने सुरुवात या खोल्यांपासून करावी. भाडेकरू स्वतः भेटून निवडावा. मोरीची जाळी निदान एकदा स्वतःच्या हाताने काढावी. ती चुकेल. चुकल्यावर मला विचारावे.

कलम ४ बाबत दुरुस्ती. वरचा मजकूर वाचून वकील म्हणाले, "बाई, हे सगळं तुमच्यामागे लागू होणार. मग ती विचारणार कुणाला?" म्हणून ते कलम मी रद्द करत आहे. दोन्ही खोल्या परवाच बक्षीसपत्राने भाचीच्या नावे केल्या. त्यासाठी फोन मलाच करावा लागला. तिने आधी विचारले, "तुला काही झालंय का, मावशी?" नाही म्हटले आणि खोल्यांचे सगळे सांगितले. मग म्हणाली, "भाडेकरू या महिन्याअखेर जागा सोडतायत म्हणतेस. मग मी आधी काय करू?"

"जुने कपडे घालून ये," मी म्हटले.

या मृत्युपत्राने आता भाचीला काहीही मिळत नाही. त्यामुळे ती याची साक्षीदार होऊ शकते, असे वकिलांचे मत आहे.

वरील सर्व वाचून, समजून, चहाचा कप बाजूला ठेवून सही केली.

सही: लिहून देणार

साक्षीदार १: वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर

साक्षीदार २: लिहून देणारीची भाची, व्यवसाय नोकरी, आणि परवापासून घरमालकीण

स्थळ: लिहून देणारीचे स्वयंपाकघर
दिनांक: २७ ऑक्टोबर