पांढऱ्या कापडातला तलाव

मंगळवार, १४ ऑक्टोबर २०२५. संध्याकाळचे सात वाजून दहा मिनिटे. हातावरची जुन्या कागदांची धूळ धुऊन लिहायला बसलो.

मी कंत्राटावर काम करतो त्या तहसीलच्या रेकॉर्ड रूममधली रद्दी उद्या सकाळी गाडीत भरून जाणार. कायम जपायचे कागद लाल कापडात, नष्ट करायचे पांढऱ्यात, असा नियम. आज एका पांढऱ्या गठ्ठ्यात गावतलावाच्या पाणीहक्काची नोंद निघाली. दुसरी प्रत कुठेच नाही.

रेकॉर्डचे बडे बाबू म्हणाले, "लाल कापड सरलं असन, म्हणून पांढऱ्यात बांधलं. आता रद्दीच्या यादीवर साहेबाची सही झाली. तू कायले खोलून राहिला?"

"बाबूजी, हे गेलं तर गावानं पाणी कोणत्या कागदावर मागाचं?"

"तुले कंत्राट वाढवून पाह्यजे का तलाव?"

हसत म्हणाले. हसण्यासारखं काय होतं? नुसतं कापड चुकलं, आणि तलाव रद्दीत.

ऑफिस बंद व्हायच्या आत बाजारातून लाल कापड आणलं, गठ्ठा बांधून मांडणीवर ठेवला. उद्या मोजणीत एक गठ्ठा कमी भरेल. साहेबांना मीच सांगणार. कंत्राट गेलं तर? तरी सांगणार.

खर्च: लाल कापड, नव्वद रुपये. ऑफिसकडून येणे: नव्वद. पावती माझ्या नावाने घेतली आहे, म्हणजे गठ्ठा कोणी बांधला ते शोधावं लागणार नाही.