बाटलीवालीचे तीन रिपोर्ट

४ मे, सकाळी सव्वासात
आजपासून रोजनिशी. आपल्याला कोण काय काय बोललं, याची कुठेतरी नोंद असलेली बरी.
या इमारतीच्या तळघरात तीस वर्षं झाली. वर नऊ मजले ऑफिसं. त्यांना थंडीत ऊब आणि उन्हाळ्यात गारवा देणारं पाणी माझ्या देखरेखीखाली पाइपांतून फिरतं. कुणी शिकवलं नाही. पंप कानाने ओळखतो, पाणी बोटाने. बोट बुडवायचं, अंगठ्यावर चोळायचं, वास घ्यायचा. पाच सेकंदांत निकाल.
आणि आता मॅनेजर म्हणतो, पाणी बाहेरच्या लॅबकडून तपासून घेणार. (मॅनेजर म्हणजे माझ्या धाकट्याच्या वयाचा. टाय तेवढा लांब.) माझी मुदत ३० मेला संपते. एक वर्ष वाढवायची की नाही, ते म्हणे रिपोर्ट बघून ठरेल. म्हणजे माझं नशीब बाटलीत. बघून घेतो एकेकाला.

४ मे, संध्याकाळी
हिला सांगितलं. ही म्हणाली, काहीही करा पण मुदतवाढ मिळवा, घरी बसलात तर मी बहिणीकडे राहायला जाईन. मागच्या आजारपणात मी आठ दिवस घरी होतो, तेव्हा सगळे नळ खोलून नीट केले. त्यानंतर दोन दिवस आंघोळीला पाणी नव्हतं, ते अजून काढते. पाणी नव्हतं हे खरं. पण गळतही नव्हतं, हे कुणी बोलत नाही.

७ मे
लॅबची बाई आली. तिशीची, खांद्याला पेटी. बाटलीवाली असं नाव ठेवलं. वीस मिनिटं दाराबाहेर उभी केली. किल्ली सापडत नव्हती. (खिशात होती.)
म्हणाली, बाटल्या ठेवून जाते, उद्या सकाळी तुम्हीच भरून द्या. सोबत सूचनांचा कागद. मुंगीएवढी अक्षरं. तीस वर्षं पाण्यात घालवलेल्या माणसाने बाटली कशी भरायची हे वाचून शिकायचं? कागदाची घडी केली आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारली. टेबल आता हलत नाही. लॅबचा एवढा तरी उपयोग झाला.

८ मे, सकाळी आठ
निश्चय: आजपासून डोकं शांत ठेवायचं.
बाटल्या उघडून बघितल्या. तळाशी पांढरी भुकटी. म्हणजे बघा. आधी घाणेरड्या बाटल्या पाठवायच्या आणि मग माझ्या पाण्याला नावं ठेवायची, असा डाव. मी कच्च्या गुरूचा चेला नाही. (गुरूच नव्हता.) भांड्यांच्या साबणाने दोनदा धुतल्या. चमच्याला डब्यातला नॅपकिन गुंडाळून आतून लखलखीत पुसल्या. मग भरल्या. इतक्या स्वच्छ बाटल्या त्या लॅबने जन्मात पाहिल्या नसतील.

८ मे, सकाळी साडेआठ
लिफ्टवाल्याने विचारलं, काय काका, आज परीक्षा का. त्याच्याशी बोलणं बंद. निश्चय उद्यापासून.

१३ मे
रिपोर्ट आला. जंतू मोजण्यापलीकडे. तेही पाइपातले नव्हे, ओल्या फडक्यात वाढतात त्या जातीचे. शिवाय साबणाचा अंश. माझ्या पाइपात फडकं कुठून आलं? लॅबला खोटं बोलायचं तरी धड बोलता यावं.
मॅनेजरने तीन माणसांदेखत विचारलं, हे काय. मी सांगितलं, बोट लावून बघितलं आहे, पाण्याला काहीही झालेलं नाही.
तो म्हणाला, "मग पुढच्या वेळी बोटच पाठवा लॅबला."
माणसं हसली. तिघांचीही तोंडं लक्षात ठेवली आहेत.

१४ मे
बाटलीवालीविरुद्ध चार पानी तक्रार दिली. पहिल्या तीन पानांत माझी सेवा, चौथ्यात तिचा स्वभाव. मॅनेजर म्हणाला, फेरतपासणी करू. पानं उलटलीसुद्धा नाहीत.

१८ मे
नवी बाटली. पुन्हा भुकटी. या लोकांना लाज म्हणून नाही. धुतली.
पण पाण्याचं काय? पाइपातलं चांगलं पाणी त्यांच्या हातात गेलं की बिघडतं, हे एकदा दिसलं. म्हणून हिने उकळून, गाळून ठेवलेलं प्यायचं पाणी स्टीलच्या बाटलीतून घरून आणलं आणि तेच भरून दिलं. याला फसवणूक म्हणत नाहीत. चांगलं पाणी कसं असतं, ते लॅबलाही एकदा कळू दे.

२२ मे
जंतू शून्य. छाती फुगली. तेवढ्यात मॅनेजरने खालची ओळ वाचली: पाइप गंजू नयेत म्हणून पाण्यात औषध घालतात, ते या नमुन्यात थेंबभरही नाही. मॅनेजरचा चेहरा उतरला. औषधाचं पाणी गळून गेलं असणार, म्हणाला, आणि त्या जागी साधं पाणी शिरलं असणार. गळती शोधा.
पाणी घरचं होतं हे सांगायची ही वेळ नव्हती.

२४ मे
दोन दिवस कूलिंग बंद. प्लंबरने तीन मजल्यांची छतं फोडली. गळती नाही. ती असायचं काही कारणच नव्हतं, पण मला कुणी विचारलं नाही.
नवव्या मजल्यावरचे वकील फायलीने वारा घेत तळघरापर्यंत उतरले आणि जे बोलले ते रोजनिशीत लिहिण्यासारखं नाही. निकामी म्हातारा, असं बोलले.
घरी हिने विचारलं, स्टीलची बाटली कुठाय. सांगितलं, तपासकामात आहे.

२५ मे
बाटलीवाली स्वतः नमुना घ्यायला आली. शेजारी मॅनेजर, त्यामुळे किल्ली लगेच सापडली. नळ सोडून दोन मिनिटं पाणी नुसतं वाहू दिलं. एवढी उधळपट्टी आमच्या घरात कुणी केली असती तर जेवण बंद केलं असतं. मग बाटली भरली, भुकटीसकट. आणि सहज विचारावं तसं विचारलं,
"काका, आधीच्या बाटल्या तुम्ही धुतल्या होत्या का?"
अखेर कुणाला तरी कदर. मॅनेजरकडे बघत सांगितलं, "दोनदा. साबणाने. आतून पुसूनसुद्धा."
तिने इकडेतिकडे बघितलं, वाकली, टेबलाच्या पायाखालचा कागद ओढला. टेबल कलंडलं, माझा चहा माझ्याच रजिस्टरवर. तिने कागद उलगडून मॅनेजरला पहिली ओळ दाखवली. बाटली निर्जंतुक आहे, धुऊ नये, भुकटी काढू नये.
मी म्हटलं, अक्षर फार बारीक आहे.
मग तिने दुसऱ्या नमुन्याचं विचारलं. ते मी उद्या लिहीन.

२६ मे
लिहिण्यासारखं काही नाही.

२९ मे, दुपारी
तिसरा रिपोर्ट. पहिलं वाक्य: पाणी उत्कृष्ट, अनेक वर्षं नीट सांभाळलेलं दिसतं.
तीनदा वाचलं. चष्मा पुसून चौथ्यांदा. बोट खरं ठरलं. त्या बाटलीवालीला, खोटं कशाला बोलू, मनातल्या मनात माफसुद्धा केलं.
मॅनेजर म्हणाला, पुढचं वाचा.
पुढे: नमुने देणारी व्यक्ती बदलावी.

३० मे
किल्ल्या दिल्या. सतरा. कुठली कुठल्या कुलपाची ते सांगायला लागलो तर त्याने नुसत्या ओंजळीत घेतल्या. शेवटचं म्हणून विचारलं, पाणी उत्कृष्ट आहे असं लॅबच म्हणते ना.
"म्हणूनच," तो म्हणाला. "आता ते तसंच राहू दे."

३१ मे, सकाळी नऊ
ही बहिणीकडे गेली. चार साड्या घेतल्या, म्हणजे लवकर यायचा विचार दिसत नाही. दारातून बजावून गेली, नळाला हात लावू नका. हात कोण लावतंय? मोरीतला नळ थोडा ठिबकतोय, एवढंच. नुसतं बोट लावून बघतो.

३१ मे, सकाळी साडेनऊ
आंघोळीला पाणी नाही.