आईसकट ॲव्हरेज

अण्णा, तुम्ही गेल्यावर पहिल्यांदाच, परवा तुमच्या गाडीचं ॲव्हरेज काढलं. तुमच्याच पद्धतीनं. नेहमीच्या पंपावर टाकी काठोकाठ भरली, देवीच्या गडावर जाऊन आले, त्याच पंपावर पुन्हा फुल केली आणि भागाकार केला. फक्त एक गोष्ट तुमच्याविरुद्ध केली. आईला शेवटपर्यंत गाडीत बसवलं, तेही पुढं.

तुम्ही विसरून गेला असाल, मी नाही. सातपूरच्या कारखान्यात दिवसभर माल मोजून पास-नापास करायचात आणि घरी आलात तरी तुमचा तो हात काही थांबायचा नाही. मी बारावीला होते. नांदुरीला, त्याच गडाच्या घाटाच्या पायथ्याशी, तुम्ही गाडी बाजूला घेता आणि मागं न बघताच आईला सांगता, "तू एसटीनं ये. चढाला वजन नको, खरं ॲव्हरेज कळायचं नाही." मला मात्र ठेवलंत, कारण किलोमीटर लिहायला कुणीतरी हवं. आई डबा घेऊन निमूट उतरते. मागच्या काचेतून ती लहान लहान होत जाते आणि मी मुकाट्यानं आकडा लिहिते. मला काय तोंड नव्हतं? परततानाही तिला एसटीनंच धाडलंत. घरी आल्यावर चपला काढता काढता तिनं एवढंच विचारलं, "किती आलं?" तुम्ही खुशीत होतात. सतरा आलं होतं.

तेव्हा परवा मी मुद्दाम सगळं उलटं केलं. एसी फुल. दिंडोरीच्या पुढं आईनं द्राक्षं बघितली, म्हटलं घे, पेटीच घे, वाढू दे वजन. घाटात तिला माकडं बघायची होती म्हणून चार ठिकाणी थांबले. उतारावर तुमच्यासारखी न्यूट्रल मारली नाही, गिअरमध्येच उतरवली. पेट्रोल जळतं तर जळू दे. माणूस उतरवून वाचवलेल्या पेट्रोलचं कौतुक मला कुणी सांगू नये, तुम्हीसुद्धा नाही.

पंपावर टाकीतली हवा निघायला गाडी गदागदा हलवायची, हेही तुमचंच. एकटीला जमेना. तर आई गुडघे धरत उतरली, पलीकडून हात लावला आणि हलवायला लागली. हसत होती. पेट्रोल भरून झालं, मी मोबाईलवर भागाकार केला, आणि तिनं विचारलं, "किती आलं?"

"अठरा," म्हटलं. "तुझ्यासकट."

ती गाडीत बसली, पट्टा लावला. एक द्राक्ष तोंडात टाकून म्हणाली, "मग तेव्हा मला उगाच उतरवलं त्यांनी."

मी हो म्हटलं.

हे पत्र मी फाडून टाकणार आहे, तिच्या हाती लागायला नको. चौदा आलं, अण्णा.